लॉनवरचं औषध

बायको गेल्यावर दिनानाथ नाखवा उरणकडचं खाडीकाठचं घर बंद करून नवीन पनवेलला मुलाकडे राहायला आले. बरोबर एक ट्रंक, एक जुना पंखा आणि एक कुत्री होती. सून प्रांजलने ट्रंक आत घेतली, पंखा आत घेतला, आणि कुत्रीकडे बघून दारातच थांबली.

"बाबा, ही पण?"

"ही पन," दिनानाथ म्हणाले. "तिला कुनाकडं ठेवू? तुज्या सासूशिवाय ती कुनाच्या हातचं खात नवती. आता माज्याकडनं खाते."

कुत्रीचं नाव मांदेली. जेट्टीवर सुकत घातलेल्या मासळीत हे पिल्लू दिनानाथांच्या बायकोला सापडलं होतं. रंग मांदेलीसारखाच पिवळसर, आणि अंगाला वासही तोच, म्हणून तिने ते नाव ठेवलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. मांदेलीच्या तोंडावर पांढरे केस आले होते आणि मागचा एक पाय थंडीत आखडायचा.

प्रांजल काही वाईट मुलगी नव्हती. कळंबोलीत एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात ती दिवसभर कंटेनरची कागदपत्रं करायची, घरी येऊन स्वयंपाक करायची. नवरा कल्पेश न्हावा शेवाला कंटेनर यार्डात पाळीवर. त्यात घरभर कुत्र्याचे केस. तिने मांदेलीला बाल्कनीत जागा दिली आणि अट घातली की हॉलमध्ये यायचं नाही. दिनानाथांनी ती अट पाळली. मांदेलीनेही पाळली. ती उंबऱ्यावर हनुवटी टेकून आत बघत बसायची. सहा महिन्यांनी प्रांजल उरलेली पोळी दुधात कुस्करून तिच्या ताटलीत ठेवू लागली. पण तिने कधी तिच्या अंगाला हात लावला नाही.

दिनानाथांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. जन्मभर भरती-ओहोटीच्या हिशोबाने उठलेला माणूस, त्याला पाचनंतर झोप येत नसे. साडेपाचला ते मांदेलीला घेऊन दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचे. चार इमारतींच्या मधोमध सोसायटीने दोन वर्षांपूर्वी लॉन केलं होतं. त्याच्या कडेला जास्वंद आणि क्रोटनची रोपं, मध्ये दोन बाक. मांदेली गवतातून सावकाश फिरायची, ते बाकावर बसायचे. सहाला गुणाबाई यायची.

गुणाबाई सोसायटीची माळीण. करंजाडेच्या मूळ गावातली. तिच्या घरची भातशेती होती तिथे आता रस्ते आणि इमारती होत्या. स्वतःच्या शेतात राबलेली बाई आता दुसऱ्यांच्या गवताला पाणी घालायची. दिनानाथांना ती थोरल्या भावासारखं दादूस म्हणायची. कॉम्प्लेक्समध्ये त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलणारं एवढं एकच माणूस होतं.

२०१६ सालच्या मे महिन्यात लॉनवर पिवळे चट्टे पडायला लागले. गुणाबाईने एका चट्ट्यातलं गवत ओढलं तर ते सतरंजीसारखं उचलून हातात आलं. खाली माती, आणि मातीत पांढऱ्या, वाकड्या अळ्या.

"हुमनी," ती म्हणाली. "मुळां खाते. आता सेक्रेटरी औषध आनतील बघ. दादूस, औषध पडलं का मांदेलीला हिकडं नको आनू."

"कवा टाकनार?"

"मला कोन सांगतंय? कंत्राटदाराची मानसा येतील. मला समजलं का मी तुला सांगन."

दिनानाथ तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच संध्याकाळी ते सेक्रेटरी कृष्णकांत सबनीस यांच्या घरी गेले. सबनीस एका औषध कंपनीतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी दिनानाथांना सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं.

"औषध टाकनार त्याच्या आदी मला सांगा साहेब. मी कुत्रीला दुसरीकडं नेईन."

"अहो काका, नक्की. आपण नोटीस देणारच. सगळ्यांना कळवल्याशिवाय काही करणार नाही."

"किती दिवस दूर ठेवायचं?"

"कंत्राटदार म्हणतो, पाणी मारलं की चोवीस तासांत सेफ. तुम्ही निश्चिंत राहा."

दिनानाथ निश्चिंत झाले. रोज सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर नजर टाकून मगच ते बाहेर पडू लागले. फळ्यावर पाण्याच्या टाकीची सफाई होती, कुणाची तरी हरवलेली किल्ली होती. औषधाचं काही नव्हतं.

जूनच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी गुणाबाई लवकर घरी गेली. रविवारी तिची सुट्टी असायची. ती गेल्यावर कंत्राटदाराची दोन माणसं आली. दिनानाथ त्या वेळी मागच्या रस्त्याला मांदेलीला फिरवत होते. माणसांनी तासाभरात काम उरकलं, रबरी पाइपने पाणी मारलं आणि ती निघून गेली.

रविवारी पहाटे दिनानाथांनी नेहमीप्रमाणे फळा बघितला. टाकीची सफाई, हरवलेली किल्ली. ते बाहेर आले. गवत ओलं होतं. हवेत एक उग्र वास होता, सडलेल्या लसणासारखा. त्यांना वाटलं, गटार तुंबलं असेल. ते बाकावर बसले.

मांदेली आज फिरली नाही. ती जास्वंदीजवळच्या एका चट्ट्यावर गेली, पंज्याने माती उकरली आणि तोंड घालून चाटायला लागली.

"ए मांदे, काय खातेस?"

तिने शेपटी हलवली आणि पुन्हा तोंड खाली घातलं. कुत्री पोट बिघडलं की गवत खातात, हे दिनानाथांनी आयुष्यभर पाहिलं होतं. खाऊन ओकेल आणि मोकळी होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला पाच-सात मिनिटं खाऊ दिलं. पुढे कितीतरी दिवस ही पाच-सात मिनिटं त्यांच्या डोक्यातून जाईनात.

घरी आल्यावर मांदेली पाणी प्यायली नाही. ती बाल्कनीत न जाता हॉलच्या मध्यात उभी राहिली. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. आधी एक, मग फरशीवर थारोळं. मग ती ओकली. मग तिचे मागचे पाय थरथरायला लागले, थरथर पाठीवर चढली, आणि ती कुशीवर पडली.

"प्रांजल! ए पोरी, जरा बाहेर ये!"

प्रांजल झोपेतून धावत आली. तिने लाळ बघितली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, तुम्ही हिला लॉनवर नेलं होतं?"

"रोजच नेतो."

ती आत जाऊन फोन घेऊन आली आणि पनवेलच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना लावला. डॉक्टर फहमिदा मांदेलीला दरवर्षी लस टोचायच्या. तिसऱ्या वेळेला त्यांनी फोन उचलला. मागे लाउडस्पीकर आणि बायकांचा गलका ऐकू येत होता.

"मी महाडला आहे, पुतणीच्या लग्नात," त्या म्हणाल्या. "काय झालं ते नीट सांगा."

प्रांजलने सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांतली बाहुली कशी दिसते? मोठी की बारीक?"

दिनानाथांनी वाकून बघितलं. मांदेलीची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"मग कीटकनाशकच आहे. दूध, मीठपाणी, काहीही पाजू नका. ती थरथरतेय, ते श्वासनळीत जाईल. हातात पिशव्या घालून तिचे पाय आणि तोंड साबणाने धुवा आणि माझ्या दवाखान्यात न्या. माझे कंपाउंडर मुबारकचाचा दार उघडतील. मी त्यांना सांगते काय द्यायचं. आणि औषधाचं नाव शोधा. नाव फार महत्त्वाचं आहे. मी गाडी शोधते आणि निघते, पण मला पाच तास तरी लागतील."

शेजारच्यांनी दूध आणून दारात ठेवलं होतं. एकाने कांद्याचा रस सांगितला. प्रांजलने ते दूध बाजूला सारलं, हाताला दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या आणि बाथरूममध्ये मांदेलीचे पंजे धुतले. पहिल्यांदाच तिने तिला हात लावला होता. दिनानाथ मांदेलीचं डोकं धरून बसले होते. मग दोघांनी तिला जुन्या चादरीत घालून रिक्षात नेलं.

वाटेत प्रांजलने सबनीसांना फोन केला. "काका, काल कुठलं औषध टाकलं?"

"मला नाव नाही माहीत गं. कंत्राटदाराला विचारतो. काय झालं?"

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. कंत्राटदाराचा मोबाइल बंद होता. आज रविवार.

मुबारकचाचा दवाखान्याच्या पायरीवर उभेच होते. साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, उंच गृहस्थ. त्यांनी मांदेलीला टेबलावर घेतलं, फोन कान आणि खांद्यात धरला आणि डॉक्टर सांगतील तसं करत गेले. ॲट्रोपिनच्या बारीक काचेच्या कुप्या एकामागून एक फोडल्या.

"एका वेळेला पाच लागतात," ते म्हणाले. "आपल्याकडे अकरा आहेत. अल्ला करो, पुरतील."

पहिलं इंजेक्शन गेलं. वीस मिनिटांत लाळ कमी झाली. श्वासातली घरघर उतरली. मांदेलीने डोकं किंचित उचललं आणि दिनानाथांचा हात हुंगला.

"बरी होते, बरी होते," दिनानाथ म्हणाले. "मुबारकभाई, ती माज्याकडं बघते."

"हो, बघते," मुबारकचाचा म्हणाले. पण त्यांनी घड्याळात बघितलं आणि प्रांजलला दाराबाहेर बोलावलं. "बेटी, हा असर दोन-अडीच तासच टिकतो. परत डोस द्यावा लागतो, कधी कधी दिवसभर. तू जा आणि कुप्या आण. शिवाय दुसरं एक इंजेक्शन हवंय, पण ते औषधाचं नाव कळल्यावरच. कळलं नाही तर मॅडम द्यायला तयार नाहीत, त्याने उलटंही होऊ शकतं."

प्रांजल रिक्षा करून निघाली. पहिलं मेडिकल बंद, दुसरं बंद. तिसऱ्यात माणूस म्हणाला, हे आम्ही ठेवत नाही, हॉस्पिटलला असतं. ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टरने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, माझ्याकडे आहेत. पण गावातून फवारणी केलेला माणूस आला तर मी त्याला काय देऊ? केसपेपरशिवाय एकही कुपी बाहेर काढता येत नाही. माणसाचा केसपेपर."

"ती मरेल हो."

सिस्टरने मान खाली घातली. "दोन गल्ल्या सोडून खासगी हॉस्पिटल आहे, त्यांच्या मेडिकलला विचार. माझं नाव सांग."

इकडे गुणाबाईला वॉचमनने फोन केला होता. ती तशीच, डोक्याला रुमाल बांधून, करंजाडेहून सोसायटीत आली. जास्वंदीजवळची माती तिने चिमटीत घेऊन हुंगली. मग ती कचऱ्याच्या पिंपाकडे गेली आणि हाताने पिंप उपसलं. तळाला दोन रिकामी पुडकी सापडली. एकावर लाल त्रिकोणाचं चित्र होतं. दुसऱ्यावर हाडाचं.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते. लाल त्रिकोणाचं पुडकं तिने कागदात गुंडाळून आणलं होतं. मुबारकचाचांनी नाव वाचलं आणि डॉक्टरांना सांगितलं.

"फोरेट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फार जहाल असतं. किती खाल्लं तिने?"

दिनानाथ पुढे झाले. "पाच-सात मिनटां खात व्हती. मी समोर बसलो व्हतो."

गुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "लाल तिकोन," ती पुटपुटली. "आमच्या शेतावर हे टाकलं का तीन दिस ढोरां बांधून ठेवायचो. आनि या मेल्यांनी त्यात हाडाचा चुरा मिसळला. खत आनि औषध एकाच वेळेला, दोन फेऱ्या नकोत म्हनून. कुत्र्याला हाडाचा वास आल्यावर ते काय करनार दादूस? ते खानारच."

दुसरा डोस पावणेदहाला दिला. या वेळी मांदेलीने डोकं उचललं नाही. एकच कुपी उरली. थरथर परत सुरू झाली, आधी ओठांना, मग मानेला. मुबारकचाचा तिच्या तोंडातली लाळ कापसाने काढत राहिले. दिनानाथ तिच्या कानाशी बोलत होते, गावच्या जेट्टीचं, होड्यांचं, बायको तिला हाक मारायची त्या हाकेचं. त्यांना करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

प्रांजल साडेदहाला परत आली. ओढणी घामाने भिजलेली, हातात कागदी पिशवी. खासगी हॉस्पिटलच्या मेडिकलने आठ कुप्या दिल्या होत्या. दुसरं इंजेक्शन कुठेच नव्हतं, ते मुंबईहून मागवावं लागतं म्हणाले. पाच कुप्या लगेच दिल्या. मग अकराला उरलेल्या चार.

त्यानंतर ते चौघे नुसते टेबलाभोवती उभे राहिले.

त्याच वेळी प्रांजल बोलली. कुणी विचारलं नव्हतं.

"बाबा, मेसेज आला होता. काल रात्री दहाला, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लॉनवर औषध टाकलंय, मुलं आणि प्राणी दूर ठेवा. मी वाचला. तुम्ही झोपला होतात. म्हटलं सकाळी सांगू. सहाचा गजर लावला होता मी."

दिनानाथांनी तिच्याकडे बघितलं. साडेपाचला खाली उतरताना तिच्या खोलीचं दार बंद होतं, हे त्यांना आठवलं.

"उठवायचं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मला उठवायचं होतं गो. मी काय तुला खाल्लं असतं?"

प्रांजलने मांदेलीच्या पंज्यावर हात ठेवला होता, तो तिथेच राहू दिला.

मांदेली साडेअकराच्या सुमाराला गेली. आधी श्वास लांबला, मग दोन श्वासांमधलं अंतर वाढलं, आणि मग पुढचा श्वास आलाच नाही. डॉक्टर फहमिदा त्यानंतर अर्ध्या तासाने आल्या, लग्नातल्या जरीच्या कपड्यांत, हातात दुसऱ्या इंजेक्शनच्या कुप्या. औषधाचं नाव कळल्यावर वाटेत एका ओळखीच्या डॉक्टरला गाठून त्यांनी त्या मिळवल्या होत्या. त्यांनी मांदेलीच्या छातीवर नळी लावून बघितलं, नळी काढली आणि कुप्या टेबलावर ठेवून दिल्या.

"इतकं पोटात गेल्यावर मी इथे असते तरी कदाचित वाचली नसती," त्या दिनानाथांना म्हणाल्या. हे खरं होतं की त्यांना बरं वाटावं म्हणून होतं, ते दिनानाथांना कधीच कळलं नाही.

मग पुरायचं कुठे, हा प्रश्न आला. सोसायटीच्या आवारात परवानगी नव्हती. उरणचं घर लांब, आणि वर जूनचं ऊन. कल्पेश पाळीवरून सारखा फोन करत होता आणि त्याला कुणी नीट उत्तर देत नव्हतं; पाळी संपवून ट्रॅफिकमधून तो दुपारी दवाखान्यात पोचला. शेवटी गुणाबाई म्हणाली, "माज्या परसात चल दादूस. शेत गेलं, पन परस हाय अजून." तिच्या वांग्याच्या वाफ्यापलीकडे कल्पेशने खड्डा खणला. प्रांजलने चादरीची टोकं नीट आत दुमडली.

पुढचे आठ दिवस घरात फार बोलणं झालं नाही. दिनानाथ पाचला उठायचे आणि बाल्कनीच्या दाराशी बसून राहायचे. प्रांजल चहा आणून ठेवायची. ते "हां" म्हणायचे. त्यांना तिचा राग येत होता, आणि राग येतो याची लाजही वाटत होती, कारण तिने त्या दिवशी केलेली धावपळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तिच्यापेक्षा जास्त राग त्यांना बाकावर बसलेल्या स्वतःचा येत होता.

आठव्या दिवशी त्यांनी कागद-पेन मागून घेतलं आणि सोसायटीला अर्ज लिहिला. गुणाबाईला विचारून विचारून लिहिला. औषध टाकण्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर मराठीत नोटीस लावावी. लॉनभोवती दोरी बांधून लाल फडकी लावावी आणि निदान आठवडाभर ती काढू नये. हाडाचं खत औषधात मिसळू नये. शक्य असेल तर असलं जहाल औषध वापरूच नये. अर्ज चार ठिकाणी चुकला होता, तो त्यांनी पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिला.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीस-पस्तीस माणसं होती. कल्पेश पाळीवर होता, म्हणून प्रांजल सासऱ्यांबरोबर आली. लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय संपल्यावर सबनीसांनी अर्ज वाचून दाखवला. त्यांनी तो चांगला वाचला, कुठेही घाई केली नाही.

"दिनानाथकाका, आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं," ते म्हणाले. "माझ्या मिसेस त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. सोसायटीने नोटीस दिली नाही, असा अर्जाचा सूर आहे. तो बरोबर नाही. आपण ग्रुपवर नोटीस दिली होती."

"माज्याकडं तो फोन नाय साहेब. मी फळा बघतो."

"मान्य. पण घरटी एक माणूस ग्रुपवर आहे, ते यासाठीच." त्यांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांसमोर धरला. "आता त्यात कुणी वाचलं तेही दिसतं. हे बघा. तुमच्या घरून रात्री दहा वाजून चौदा मिनिटांनी वाचलंय. प्रांजल नाखवा."

खुर्च्या करकरल्या. सगळ्या माना प्रांजलकडे वळल्या. पुढच्या ओळीतली एक बाई शेजारणीच्या कानाशी काहीतरी कुजबुजली, आणि मागून एक पुरुष मोठ्याने म्हणाला, "म्हणजे घरातच सांगितलं नाही का?"

प्रांजलने तोंड उघडलं. ओढणीचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

दिनानाथ उठून उभे राहिले.

"सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "तिनं मला रात्रीच सांगितलं. मीच विसरलो. म्हातारा मानूस, ध्यानात नाय राह्यलं. तिचा काय दोष नाय."

सबनीसांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा मऊ झाला होता.

"काका, होतं असं. वयाप्रमाणे होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मग सगळं भराभर झालं. नोटीस दिली होती आणि ती पोचली होती, त्यामुळे पद्धत बदलण्याचं कारण नव्हतं. दोरी बांधली तर मुलं अडखळून पडतील, असं कुणीतरी म्हणालं. कंत्राट वर्षभराचं होतं, त्यात औषध ठरलेलं होतं. इतिवृत्तात लिहिलं गेलं की सभासदांनी आपापल्या पाळीव प्राण्यांची जबाबदारी स्वतः घ्यावी. अर्ज दफ्तरी दाखल झाला. पुढचा विषय गणपतीच्या वर्गणीचा होता.

जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर प्रांजल थांबली.

"बाबा, खोटं का बोललात?"

"मग काय करू? सगली मानसा तुज्याकडं बघत व्हती."

"बघू द्यायचं होतं. मी सांगणार होते. आता ते काहीच करणार नाहीत. तुमचा अर्ज संपला."

"संपला," दिनानाथ म्हणाले. ते कठड्याला धरून दम खात होते. "मला म्हाईत व्हतं तो संपनार. तवा दुसरं काय सुचलं नाय."

प्रांजल तिथेच पायरीवर बसून रडली. दिनानाथ तिच्या शेजारी उभे होते. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्याने तो ठेववला नाही. ती उठेपर्यंत मात्र ते थांबले, आणि दोघं बरोबर वर गेली.

पावसाळाभर लॉन हिरवंगार राहिलं. चट्टे गेले. लोक संध्याकाळी तिथे मुलांना खेळवायचे आणि गुणाबाईला म्हणायचे, छान ठेवलंय हं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी प्रांजल ऑफिसातून आली ती चपला न काढताच बाल्कनीत गेली. हातात मोबाइल होता. "बाबा, आत्ता आलाय मेसेज. उद्या दुपारी औषध टाकणार. तेच." मग तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात चोवीस तासच लिहिले होते.

दिनानाथांनी डॉक्टर फहमिदांना फोन लावायला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, आठवडाभर तरी धोका असतो, मातीत खत मिसळलं असेल तर जास्तच.

आपली कुत्री उरली नव्हती. पण गेटच्या फटीतून आत येणारी बाहेरची कुत्री होती. वॉचमनच्या खोलीमागे व्यालेल्या काळ्या कुत्रीची चार पिल्लं नुकतीच चालायला लागली होती. ती मेसेज वाचणार नव्हती.

औषध टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दिनानाथ काठी घेऊन खाली उतरले. हवेत तोच वास होता. एक तांबडा कुत्रा आधीच जास्वंदीजवळ हुंगत उभा होता. त्यांनी काठी आपटून त्याला हाकललं. तो पार्किंगकडे पळाला आणि उलटून बघत राहिला. तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यात पिल्लं आली. दिनानाथ तिकडे गेले तर तांबडा परत आला. लॉन केवढं आहे ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

सहाला गुणाबाई आली. पाइप खाली टाकून ती थोडा वेळ बघत राहिली.

"दादूस, असा किती दिस उभा ऱ्हाशील?"

"डॉक्टरीन आठ दिस म्हनते."

"आनि रातचा?"

दिनानाथांनी तांबड्याच्या दिशेने काठी आपटली. गुणाबाईने पिल्लांच्या बाजूला दोन क्रोटनच्या कुंड्या सरकवून वाट अडवली. पिल्लं कुंड्यांच्या मधून आली.

साडेसातला प्रांजल खाली आली. ऑफिसचे कपडे, हातात घरच्या झाडूचा दांडा. ती पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कामाला निघालेली माणसं तिच्याकडे बघत गेली. एकाने "गुड मॉर्निंग" म्हटलं. पिल्लं आली की ती दांडा आपटायची, पिल्लं मागे पळायची, पुन्हा यायची. त्यांना तो खेळ वाटत होता.

मध्ये एकदा दिनानाथ तिच्यापाशी गेले. "पाय दुखत असतील तुजे."

"तुमचे पण दुखत असतील ना, बाबा."

"माज्या पायांना सवय हाय," ते म्हणाले आणि परत आपल्या बाजूला आले.

नऊला तिची बस होती. पावणेनऊपर्यंत ती थांबली. मग तिने दांडा भिंतीला टेकवला, सासऱ्यांकडे बघितलं आणि पर्स सावरत गेटकडे पळाली. गुणाबाई मागच्या इमारतीकडे पाणी घालायला गेली होती. प्रांजलची बाजू मोकळी झालेली दिनानाथांनी बघितली आणि ते काठी टेकत लॉनच्या कडेकडेने तिकडे निघाले. अर्ध्या वाटेत त्यांनी मागे वळून पाहिलं, तर तांबडा कुत्रा जास्वंदीखाली माती उकरत होता.